गोलावरील गणनेतील शेष : पुंज हॉल अवस्थांच्या वाङ्मयाचे एक परीक्षण

१

शास्त्रीय निबंधाची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावयाची, ग्रंथालयात नव्हे, अशी एक सोयीची विभागणी विद्यापीठांतून रूढ आहे. ती पुष्कळ अंशी योग्यही आहे. तथापि शास्त्रीय निबंध भाषेतच लिहिला जातो. त्यात नव्या गोष्टींना नावे द्यावी लागतात. आणि एकदा दिलेले नाव आपल्या जन्मकाळची समजूत पुढील अभ्यासकांच्या गळी उतरवीत राहते. ज्या समजुतीतून ते नाव निघाले ती मागाहून पालटली, तरी नाव पालटत नाही. अशा वेळी नाव आणि नामित यांच्यामध्ये जे अंतर पडते त्याची तपासणी करणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे न्याय्य काम होय.

वक्र पृष्ठावरील पुंज हॉल अवस्थांविषयीचे वाङ्मय या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९८३ साली डंकन हॉल्डेन यांनी इलेक्ट्रॉनांना सपाट प्रतलावरून उचलून एका गोलाच्या पृष्ठावर ठेवले, ते गणिताच्या सोयीसाठी. त्या सोयीचा हिशेब मांडताना एक लहानशी संख्या शिल्लक राहिली. १९९२ साली शियाओ-गांग वेन आणि अँथनी झी यांनी त्या शिल्लक संख्येला स्वतंत्र भौतिक राशीचा दर्जा दिला आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच तिचे नाव घातले : ‘शिफ्ट’, म्हणजे सरक. हिशेबातील बाकी वस्तूचा गुण कशी ठरली, ती तशी ठरविणे कितपत न्याय्य आहे, आणि ‘सरक’ हे नाव तिला शोभते काय, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत. यांपैकी तिसरा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु पहिल्या दोहोंची उत्तरे त्यातच गुंतलेली आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम विषयाची ओळख. विद्युत्प्रवाह वाहत असलेल्या पातळ पत्र्याला लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर प्रवाहाच्या आडव्या दिशेने विद्युत्दाब निर्माण होतो; हा शोध एडविन हॉल यांनी १८७९ साली लावला. त्या दाबाचे प्रवाहाशी असलेले गुणोत्तर म्हणजे हॉल रोध. क्षेत्र वाढवीत नेले की हा रोध सरळ रेषेत वाढावा, ही जुनी अपेक्षा. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना असे आढळले की, इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थरात कोंडलेले असले, तापमान फार नीच आणि क्षेत्र फार तीव्र असले, तर हा रोध पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. प्रत्येक पायरीचे मूल्य २५,८१२.८०७ ओहम या संख्येस पूर्णांकाने भागले असता मिळते. थराचा आकार, त्यातील अशुद्धी, नमुना कोणी बनविला, यांपैकी कशाचाही त्या मूल्यावर परिणाम होत नाही. १९८२ साली डॅनियल त्सुई, होर्स्ट स्टॉर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना पूर्णांकाच्या जागी एक-तृतीयांश हा अपूर्णांक असलेली पायरी सापडली, आणि प्रश्न अधिक गहन झाला.

या पायऱ्यांचा अर्थ समजण्यास एक गणती पुरेशी आहे. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा ठराविक पातळ्यांतच असू शकते. त्यांना लँडाऊ पातळ्या म्हणतात. पृष्ठातून आरपार जाणारा चुंबकीय अभिवाह हाही ठराविक मापाच्या पुंजांनी मोजता येतो. प्रत्येक पातळीत, एका अभिवाहपुंजामागे इलेक्ट्रॉनास बसावयास एक आसन मिळते. इलेक्ट्रॉनांच्या संख्येस अभिवाहपुंजांच्या संख्येने भागले असता जो अंक येतो तो भरणांक होय. भरणांक १ असला तर पहिली पातळी पूर्ण भरते. पूर्णांकी पायऱ्यांचे स्पष्टीकरण येथून सुरू होते. भरणांक १/३ असताना मात्र तीन आसनांमागे एकच इलेक्ट्रॉन असतो. अशा अर्धवट भरलेल्या पातळीत एवढी स्थिर अवस्था का निर्माण व्हावी, याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अपसारणात शोधावे लागते.

ते उत्तर रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ साली दिले. त्यांनी सर्व इलेक्ट्रॉनांचे मिळून एक तरंगफलन लिहिले, आणि त्यात अशी योजना केली की कोणतेही दोन इलेक्ट्रॉन एकमेकांजवळ येऊ लागले की फलनाचे मूल्य तिपटीच्या घाताने शून्याकडे जावे. या अवस्थेला त्यांनी असंपीड्य द्रव म्हटले. लाफलिन यांची भाषा द्रवाची आहे. त्यांचे चित्र एका थेंबाचे आहे. थेंब म्हटला की त्याला कड आली. लक्षावधी इलेक्ट्रॉनांच्या थेंबात कडेचे इलेक्ट्रॉन नगण्य असतात. परंतु गणकयंत्रावर हिशेब करावयाचा तर पाच-दहा इलेक्ट्रॉनांवरच भागवावे लागते, आणि एवढ्या थेंबात बहुतेक सारे इलेक्ट्रॉन कडेलाच येतात. द्रवाच्या अंतर्भागाविषयी प्रश्न विचारावा आणि उत्तर कडेने द्यावे, अशी ही अडचण होती.

३

हॉल्डेन यांच्या निबंधाचे महत्त्व त्यांनी ही अडचण ज्या साधेपणाने दूर केली त्यात आहे. गोलाच्या पृष्ठाला कड नसते. आणि प्रतलावर जसे कोठूनही कोठे सरकले तरी सारे सारखेच, तसे गोलावरही कोणत्याही अक्षाभोवती फिरविले तरी सारे सारखेच. यास्तव त्यांनी इलेक्ट्रॉन गोलावर ठेवले आणि पृष्ठाला सर्वत्र लंब असे क्षेत्र मिळावे म्हणून गोलाच्या केंद्रात एक चुंबकीय एकध्रुव कल्पिला. असा सुटा एकध्रुव निसर्गात आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. पण पॉल डिरॅक यांनी १९३१ साली दाखविले होते की, तो असलाच तर त्यातून निघणारा एकूण अभिवाह पूर्णांकी पुंजांचाच असला पाहिजे. हॉल्डेन यांच्या कल्पनेस तेवढा आधार पुरेसा होता.

आता हिशेब पाहू. इलेक्ट्रॉनांची संख्या ‘न’ आणि अभिवाहपुंजांची संख्या ‘अ’ धरली, तर गोलावरील पहिल्या लँडाऊ पातळीत अ आसने नसून अ + १ असतात. दुसरीत अ + ३, तिसरीत अ + ५. म्हणजे सपाट प्रतलावरील सरळ हिशेबात गोल आरंभापासूनच थोडी भर घालतो. पहिली पातळी पूर्ण भरली की न = अ + १, अर्थात अ = न − १. लाफलिन यांची १/३ ची अवस्था गोलावर मांडली तर अ = ३(न − १), म्हणजेच अ = ३न − ३. दहा इलेक्ट्रॉनांना तीस नव्हे, सत्तावीस अभिवाहपुंज लागतात. शंभरांना तीनशे नव्हे, दोनशे सत्त्याण्णव. इलेक्ट्रॉन वाढवीत गेले की गुणोत्तर १/३ च्या जवळ जाते. पण तीनची तफावत जशीच्या तशी राहते. ती वाढत नाही, घटतही नाही.

सर्वसाधारण सूत्र असे लिहिता येते : अ = न/भ − श. येथे ‘भ’ हा भरणांक आणि ‘श’ हा शेष. पूर्णांकी पहिल्या पायरीला श = १; १/३ ला श = ३; जैनेंद्र जैन यांनी १९८९ साली मांडलेल्या संयुक्त फर्मिऑनांच्या उपपत्तीप्रमाणे २/५ या अवस्थेला श = ४. आणि २/३ या अवस्थेला, जी १/३ चीच इलेक्ट्रॉन व पोकळी यांची अदलाबदल करून मिळालेली प्रतिमा होय, श = ०. ज्या राशीचे मूल्य प्रत्येक अवस्थेत निराळे येते आणि एका अवस्थेत चक्क नाहीसे होते, ती राशी केवळ गोलाच्या आकाराचा दोष असू शकत नाही. गोल तर सर्वांना एकच होता. हा विचार १९८३ च्या निबंधातील समीकरणांत गर्भित आहे. परंतु त्या निबंधाचा ओघ अपूर्णांकांची उतरंड कशी रचावी या दिशेने असल्यामुळे शेषाकडे तेथे स्वतंत्र विषय म्हणून पाहिलेले नाही. तो हिशेबाचा भाग म्हणूनच येतो.

४

या शेषाचे दोन अर्थ लावता येतात, आणि दोहोंतील निवाडा हा या वाङ्मयाच्या परीक्षणातील कळीचा भाग होय.

पहिला अर्थ निव्वळ अंकगणिताचा आहे. लाफलिन यांच्या फलनात प्रत्येक इलेक्ट्रॉनाला दुसऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनापाशी तीन शून्ये लागतात. इलेक्ट्रॉन न असले तर ‘दुसरे’ न − १ असतात; कारण कोणीही स्वतःला स्वतःचा शेजारी म्हणून मोजत नाही. म्हणून ३न च्या जागी ३(न − १). हा अर्थ इतका सोपा आहे की त्यापुढे जाण्याची गरजच वाटू नये. शेष म्हणजे स्वतःला न मोजल्याची वजावट. त्यात भौतिक असे काही नाही.

दुसरा अर्थ वेन आणि झी यांचा. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात लहानशा वर्तुळात भ्रमण करतो, आणि त्या भ्रमणामुळे त्याच्या अंगी एक कक्षीय परिवलन येते. अंगी परिवलन असलेला कण वक्र पृष्ठावर एक फेरा मारून मूळ जागी परतला, की त्याच्या तरंगाच्या कलेत वक्रतेच्या प्रमाणात फरक पडतो. चुंबकीय अभिवाहामुळेही असाच फरक पडत असतो. त्यामुळे त्या कणाच्या दृष्टीने वक्रता ही जणू थोड्याशा अधिक अभिवाहासारखी वागते. गाउस आणि बोने यांच्या प्रमेयाप्रमाणे कोणत्याही गोलाची एकूण वक्रता, त्याची त्रिज्या कितीही असली तरी, एकच असते. म्हणून शेष स्थिर राहतो. परिवलन ‘प’ असेल तर श = २प. पहिल्या लँडाऊ पातळीतील परिवलन १/२, म्हणून शेष १. दुसऱ्या पातळीतील परिवलन ३/२. दोन्ही पातळ्या भरल्या तर सरासरी १, म्हणून शेष २. वर दिलेली आसनांची संख्या घेऊन हे पडताळून पाहता येते : न = (अ + १) + (अ + ३), म्हणून अ = न/२ − २. लाफलिन यांच्या १/३ च्या अवस्थेत परस्परसंबंधांमुळे सरासरी परिवलन ३/२ इतके होते, म्हणून शेष ३.

दोन अर्थांपैकी खरा कोणता, हे तिसऱ्या एका पृष्ठावर ठरते. बांगडीच्या आकाराचे, मध्ये भोक असलेले कंकणपृष्ठ घेतले, तर तेथेही कोणी इलेक्ट्रॉन स्वतःला मोजत नाही. अंकगणिताचा अर्थ पुरेसा असता तर तेथेही शेष ३ यावयास हवा होता. परंतु १९८५ साली हॉल्डेन आणि एडवर्ड रेझायी यांनी कंकणपृष्ठावर लाफलिन यांची अवस्था रचली, तेव्हा तेथे अ = ३न असेच निघते. इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधांतून ३(न − १) शून्येच येतात हे खरे. पण उरलेली तीन शून्ये साऱ्या समूहाच्या गुरुत्वमध्याच्या फलनातून येऊन हिशेब पुरा होतो. कंकणाची एकूण वक्रता शून्य आहे, आणि शेषही शून्य. पृष्ठाला दोन भोके असली तर एकूण वक्रता ऋण होते आणि शेषाचे चिन्ह उलटते. सामान्य नियम असा : भोकांची संख्या ‘छ’ असेल तर शेषाला (१ − छ) ने गुणावे. स्वतःला न मोजण्याचा नियम सर्व पृष्ठांवर सारखाच. शेष मात्र पृष्ठाच्या एकूण वक्रतेप्रमाणे पालटतो. यावरून अंकगणिताचा अर्थ चुकीचा ठरत नाही, पण अपुरा ठरतो. तो एका पृष्ठावर काय घडले ते सांगतो. का घडले ते सांगत नाही.

५

येथे मराठीच्या अभ्यासकास एक परिचित गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. ‘चाकू’ आणि ‘विंचू’ हे दोन शब्द प्रथमेत सारख्याच घडणीचे दिसतात. दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही ऊकारान्त. परंतु प्रत्यय लागताच ‘चाकूला’ आणि ‘विंचवाला’ अशी त्यांची सामान्यरूपे निरनिराळी होतात. हा भेद प्रत्ययाने निर्माण केलेला नसतो. प्रत्यय दोहोंना एकच लागला आहे. भेद शब्दाच्या अंगीच होता. प्रत्ययाने तो उघडा केला. प्रथमेचे रूप म्हणजेच शब्द, आणि सामान्यरूप म्हणजे त्या रूपात झालेला बिघाड, असे समजणारा व्याकरणकार शब्दाचा वर्ग कधीच ओळखू शकणार नाही.

सपाट पृष्ठ हे पुंज हॉल अवस्थेचे प्रथमेचे रूप आहे, आणि वक्रता हा तिला लागलेला प्रत्यय. सपाट पृष्ठावर ज्या दोन अवस्थांचे भरणांक समान, म्हणून हॉल रोधही समान, त्या गोलावर नेल्या की त्यांचे शेष निराळे निघू शकतात. या दृष्टीने ‘शिफ्ट’ हे नाव सदोष आहे. सरकणे म्हणजे योग्य स्थानापासून ढळणे. या नावात असे गृहीत आहे की अ = न/भ हे योग्य स्थान होय आणि गोलामुळे अवस्था त्यापासून ढळली. हिशेबाच्या सोयीसाठी गोल वापरणाऱ्याची दृष्टी तीच होती. परंतु वेन आणि झी यांचा सारा युक्तिवाद याच्या उलट आहे : शेष हा अवस्थेचा स्वतःचा गुण असून गोल त्याचा केवळ साक्षी आहे. आपल्या निष्कर्षाशी विसंगत असे जुन्या दृष्टीचे नाव त्यांनी निबंधाच्या शीर्षकात ठेवले, आणि त्याच शीर्षकात त्याला नवी पुंजसंख्या असेही म्हटले. एकाच शीर्षकात दोन काळच्या समजुती शेजारी शेजारी बसल्या आहेत.

दृष्टान्ताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. ‘विंचू’ चे सामान्यरूप ‘विंचवा’ का, याचे उत्तर भाषेच्या इतिहासात शोधावे लागते. शब्दाच्या आजच्या रूपावरून ते गणित करून काढता येत नाही. पुंज हॉल अवस्थेचा शेष मात्र तिच्या तरंगफलनावरून गणिताने काढता येतो. दृष्टान्त वर्गीकरणापुरता खरा आहे, कारणमीमांसेपुरता नाही.

६

हा सारा वाद नावापुरताच असता तर तो विद्वानांच्या करमणुकीचा विषय झाला असता. पण शेषाच्या आकलनावर एक खरा आणि अद्याप न मिटलेला प्रश्न अवलंबून आहे. १९८७ साली ५/२ या भरणांकाची पायरी सापडली. छेदस्थानी सम संख्या असलेली ही पायरी लाफलिन यांच्या योजनेत बसत नाही. तिच्यासाठी ग्रेगरी मूर आणि निकोलस रीड यांनी १९९१ साली जी अवस्था सुचविली तिला फाफियन म्हणतात. तिच्या पोकळी-प्रतिमेची, म्हणजे प्रतिफाफियनाची, कल्पना २००७ साली पुढे आली. आणि इलेक्ट्रॉन व पोकळी यांना समान लेखणारी तिसरी अवस्था २०१५ साली चर्चेत आली. तिन्हींचा भरणांक एकच, हॉल रोध एकच. शेष मात्र अनुक्रमे ३, −१ आणि १. म्हणजे अर्ध्या भरलेल्या पातळीत अ चे मूल्य अनुक्रमे २न − ३, २न + १ आणि २न − १.

आता गोलावर गणकयंत्राने हिशेब करावयाचा तर न आणि अ ह्या दोन्ही संख्या आधी ठरवाव्या लागतात. अ = २न − ३ घेतले की प्रतिफाफियन त्या हिशेबात येऊच शकत नाही; तिला लागणारी आसनेच तेथे मांडलेली नाहीत. अर्थात प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच उत्तराची निवड होऊन जाते. यावर निरनिराळ्या अ-मूल्यांवर वेगवेगळे हिशेब करून त्यांची तुलना करतात. पण ती तुलना निरनिराळ्या आकारांच्या सभागृहांतील मतदानाची तुलना करण्यासारखी आहे. कंकणपृष्ठावर शेष नसल्यामुळे तिन्ही अवस्था एकाच सभागृहात येतात. परंतु तेथेही, एकाच पातळीपुरता आणि दोन-दोन इलेक्ट्रॉनांतील अपसारणापुरता विचार केला तर इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांच्यात भेद उरत नाही, म्हणून पहिल्या दोन अवस्थांत निवड होत नाही; तीसाठी इतर पातळ्यांचे मिश्रण हिशेबात घ्यावे लागते. गोल नकळत पक्षपात करतो. कंकण निर्णयच देत नाही. कोणतेही पृष्ठ निरपेक्ष नाही, ही गोष्ट या विषयावरील निबंधांत जितक्या ठळकपणे सांगितली जावी तितकी नेहमी सांगितली जात नाही.

दुसरी अडचण समोच्चारित शब्दांसारखी आहे. फाफियनासाठी न = ६ घेतले तर अ = ९; आणि २/३ च्या अवस्थेसाठी न = ६ घेतले तरी अ = ९च. या गोलावर मिळालेली स्थिर अवस्था कोणत्या कुळातील, हे त्या एका उदाहरणावरून सांगता येणार नाही. एकाच उच्चाराचे दोन शब्द वाक्यात घालूनच ओळखावे लागतात; तसेच येथेही न वाढवीत नेऊन साऱ्या मालिकेचे वर्तन पाहिल्यावाचून ओळख पटत नाही.

प्रयोगाची साक्ष काय? २०१८ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेत ५/२ या अवस्थेची उष्णतावाहकता मोजण्यात आली. पुंजमापात ती फाफियनासाठी ७/२, प्रतिफाफियनासाठी ३/२ आणि तिसऱ्या अवस्थेसाठी ५/२ यावयास हवी. मोजमाप ५/२ च्या जवळ आले. गणकयंत्रावरील हिशेब मात्र सामान्यतः पहिल्या दोहोंकडे झुकतात. दोन साक्षीदार दोन दिशांना बोट दाखवीत असताना, गोलावरील हिशेबात प्रश्नाबरोबरच उत्तर ठरत असते याची आठवण ठेवणे हे केवळ तर्कशुद्धतेचे नव्हे, तर प्रामाणिकपणाचेही लक्षण ठरते.

७

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळले पाहिजे. एकध्रुव पोटात घेतलेला गोल कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. मग जो गुण केवळ अशा गोलावरच दिसतो, त्याला भौतिक गुण म्हणणे म्हणजे कल्पनेच्या आरशात दिसलेल्या प्रतिमेला वस्तू म्हणणे नव्हे काय?

भाषाशास्त्राच्या इतिहासात या आक्षेपाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सोस्यूर यांनी १८७९ च्या निबंधात, इंडो-युरोपीय स्वरांच्या हिशेबात उरणाऱ्या अनियमितपणावरून, कोणत्याही ज्ञात भाषेत न आढळणारे काही ध्वनिघटक कल्पिले. ते ध्वनी कोणी ऐकले नव्हते. १९२७ साली कुरिलोविच यांनी दाखवून दिले की नव्याने उलगडलेल्या हित्ती भाषेत, त्यांपैकी काहींच्या जागी, खरोखरीच एक व्यंजन टिकून आहे. शेषातून वस्तू निघू शकते, एवढे यावरून सिद्ध होते. प्रत्येक शेषातून निघतेच, असे नव्हे. हित्तीसारखा साक्षीदार हवा.

पुंज हॉल अवस्थेच्या शेषाला असे साक्षीदार मिळू लागले आहेत. पहिला साक्षीदार सैद्धान्तिक आहे. १९९५ साली अव्रॉन, सायलर आणि झोग्राफ यांनी पूर्णांकी अवस्थेची एक विलक्षण श्यानता काढली. सामान्य श्यानतेत ऊर्जा खर्ची पडते. या श्यानतेत पडत नाही, कारण तिचे बल गतीला आडवे असते. २००९ साली निकोलस रीड यांनी दाखविले की ही हॉल श्यानता म्हणजे शेष, इलेक्ट्रॉनांची घनता आणि लघुकृत प्लांक स्थिरांक यांच्या गुणाकाराचा चौथा भाग होय. ही राशी सपाट पृष्ठावरही अर्थपूर्ण आहे. पृष्ठ वाकवावे लागत नाही, किंचित ताणले तरी पुरे. म्हणजे शेष हा गोलाचा नव्हे, द्रवाचाच गुण आहे, या म्हणण्यास गोलाबाहेरील आधार मिळाला.

दुसरा साक्षीदार प्रायोगिक आहे. २०१६ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी पिळलेल्या रचनेच्या आरशांमध्ये प्रकाश कोंडून त्याला चुंबकीय क्षेत्रातील विद्युत्भारित कणांसारखे वागावयास लावले. शिवाय हे कण सपाट पृष्ठावर न राहता एका शंकूवर राहतील अशी योजना केली. शंकूची सारी वक्रता त्याच्या टोकात साठलेली असते. कागदाचा एक-तृतीयांश भाग घेऊन त्याच्या कडा जोडल्या तर होणाऱ्या शंकूच्या टोकाशी, पहिली पातळी पूर्ण भरलेली असता, एक-तृतीयांश कणाची अधिक भर पडावी असे सूत्र सांगते. टोकाशी घनता वाढलेली प्रत्यक्ष आढळली आणि तिचे मोजमाप सिद्धान्ताशी जुळले. हे यश मोठे आहे. पण त्याची व्याप्ती नेमकी सांगितली पाहिजे. तेथील प्रकाशकण एकमेकांशी संवाद करीत नव्हते. म्हणून ती साक्ष पूर्णांकी अवस्थेपुरती आहे. १/३ च्या शेषाविषयी ती काही सांगत नाही. त्याच गटाने २०२० साली दोन प्रकाशकणांची लाफलिन अवस्था निर्माण केली. परंतु दोन कणांवरून वक्रतेच्या शेषाची परीक्षा होत नाही. उपपत्तीच्या मुख्य दाव्याचा हित्ती साक्षीदार अजून यावयाचा आहे.

याखेरीज एक सैद्धान्तिक मर्यादाही आहे. वेन आणि झी यांनी शेषाला संस्थितिक पुंजसंख्या म्हटले. म्हणजे वस्तूचा आकार किंवा घडण थोडी बदलली तरी न बदलणारी संख्या. हॉल रोधाच्या बाबतीत हा दावा अशुद्ध नमुन्यांतही टिकतो. किंबहुना अशुद्धींमुळेच पायऱ्यांना रुंदी येते. शेषाच्या बाबतीत तसे नाही. त्याच्या मुळाशी परिवलन आहे, आणि परिवलनाला अर्थ येतो तो सर्व दिशा समान असल्यामुळे. अशुद्धींनी विस्कटलेल्या प्रत्यक्ष थरात ही समानता काटेकोर राहत नाही, आणि तिच्याबरोबर शेषाचे रक्षणही दुबळे होते. रोध आणि शेष यांना एकाच विशेषणाखाली घालणे म्हणजे लोखंडी आणि लाकडी खांबांना ‘खांब’ म्हणून एकाच भाराला पात्र ठरविण्यासारखे आहे. २०१४ नंतरच्या निबंधांतून रूढ झालेल्या ‘गुरुत्वीय विसंगती’ या संज्ञेविषयीही असाच इशारा दिला पाहिजे. तेथे गुरुत्वाकर्षणाचा काहीच संबंध नाही. पृष्ठाची वक्रता आणि गुरुत्वाच्या सिद्धान्तातील वक्रता यांचे गणित एक आहे, एवढेच. नवख्या वाचकास ही संज्ञा जितके शिकविते तितकेच चकवितेही.

८

आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे येणेप्रमाणे देता येतील. हिशेबातील बाकी वस्तूचा गुण ठरली, ती एकाच पृष्ठावरील गणनेवरून नव्हे, तर निरनिराळ्या पृष्ठांची तुलना केल्यावरून. ती तशी ठरविणे न्याय्य आहे. मात्र तो गुण हॉल रोधाइतका अभेद्य नाही, आणि अपूर्णांकी अवस्थांत तो वक्र पृष्ठावर अद्याप प्रत्यक्ष मोजला गेलेला नाही. आणि ‘सरक’ हे नाव त्याला शोभत नाही, कारण ते सपाटपणाला प्रमाण आणि वक्रतेला अपवाद मानते.

मराठीत या विषयाचे अध्यापन करावयाचे झाल्यास ‘सरक’ किंवा ‘विस्थापन’ असे शब्दशः भाषांतर न करता ‘वक्रताशेष’ ही संज्ञा योजणे अधिक इष्ट होईल. तिच्यात हिशेबातून निघाल्याची खूण राहते आणि वक्रतेशी असलेला संबंधही राहतो. कोणी कोठून ढळले असा आरोप मात्र राहत नाही. परभाषेतील संज्ञा स्वीकारताना तिच्याबरोबर तिची जुनी समजूत स्वीकारण्याचे बंधन मराठीवर नाही. उशिरा येणाऱ्या भाषेला उशिराचा एवढा तरी लाभ मिळावा.

हॉल्डेन यांच्या निबंधाचे मोल या परीक्षणाने उणे होत नाही. कड टाळण्यासाठी त्यांनी जो गोल घेतला त्याने, त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही जपून ठेवले होते. दहा इलेक्ट्रॉनांना तीसच्या जागी सत्तावीस अभिवाहपुंज लागले, तेव्हा त्या तीनांकडे दुर्लक्ष करणे सहज शक्य होते. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली की गुणोत्तरात ते बुडूनच जातात. पुढील नऊ वर्षांत ते बुडू दिले गेले नाहीत, म्हणून ५/२ सारख्या अवस्थेविषयी आज योग्य प्रश्न तरी विचारता येतो.